पाण्याखालील पालकत्व

पावसाळा ओसरून मालवणचा समुद्र निवळू लागला, की तेथील होड्यांना एक निराळेच गिऱ्हाईक लाभते. पुण्या-मुंबईकडून, कोल्हापूर-सांगलीकडून आलेली कुटुंबेच्या कुटुंबे या होड्यांत बसून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांकडे जातात. तेथे आई-वडिलांच्या आणि मुलांच्या डोळ्यांवर मास्क चढविला जातो, तोंडात रेग्युलेटर दिला जातो, आणि पाठीवरची टाकी आपल्या मुठीत घट्ट धरून एखादा स्थानिक तरुण त्यांना एकेक करून काही मीटर खोल नेतो, रंगीत मासे दाखवितो, छायाचित्रे काढवितो व थोड्या वेळाने सुखरूप वर आणतो. या सहलीत वावगे काही नाही. नेणारा कसलेला असेल आणि दर्या शांत असेल, तर पाण्याखालच्या सृष्टीचे पहिले दर्शन घडविण्याचा तो एक रास्त मार्ग आहे. परंतु तेवढ्या वेळात पाहुण्याने स्वतः काहीच केलेले नसते. किती खोल जावयाचे, हवा किती उरली, केव्हा परतावयाचे, हे सारे निर्णय टाकी धरणाऱ्याचे असतात.

वर आल्यावर मात्र पुष्कळ घरांत एकच मागणी निघते. दहा-बारा वर्षांचे मूल 'मला हे नीट शिकायचे आहे' असा हट्ट धरते, आणि आई-वडिलांपैकी एक जण, मुलाला एकटे कसे पाठवावे या चिंतेने म्हणा किंवा स्वतःलाही भुरळ पडल्यामुळे म्हणा, 'मग मीही शिकतो' असे सांगून मोकळा होतो. संकल्प चांगला आहे. पण त्यात एक पेच दडलेला आहे. जमिनीवर आपण मुलाचे रक्षक असतो, ते आपल्याला त्याच्याहून अधिक येते म्हणून. पोहावयास किंवा सायकल चालविण्यास शिकविणारा पालक त्या विद्येत मुलाच्या कित्येक वर्षे पुढे असतो. येथे दोघेही एकाच दिवशी एकाच इयत्तेत नाव घालतात, पहिल्या तासाला दोघांच्याही नाकात सारखेच पाणी जाते, आणि तरीसुद्धा मुलाच्या जिवाची जबाबदारी मात्र एकाच्याच शिरावर राहते. ती कशी वाहावी, याचा विचार टाकी पाठीवर घेण्यापूर्वी झाला पाहिजे. कारण मुलावर संकट आले असता त्याला धरून वर ओढावे, ही जी पालकाची उपजत प्रेरणा, तीच पाण्याखाली सर्वांत घातक ठरण्याचा संभव आहे.

हे असे का, ते समजण्यास शाळेत शिकलेला एक नियम पुरेसा आहे. समुद्रसपाटीवर आपल्या शरीरावर वातावरणाचा एक दाब असतो, आणि समुद्रात दर १० मीटरांस त्यात आणखी एका दाबाची भर पडते. म्हणजे १० मीटरांवर दाब दुप्पट, २० मीटरांवर तिप्पट आणि ३० मीटरांवर चौपट होतो. तापमान कायम असता वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हे रॉबर्ट बॉइलने १६६२ साली प्रसिद्ध केले. रेग्युलेटरची सारी करामत अशी, की टाकीत कोंबलेली हवा तो त्या त्या खोलीवरील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात सोडतो, आणि त्यामुळे छातीवर पाण्याचा भार असतानाही माणूस सहज श्वास घेऊ शकतो. मात्र १० मीटरांवर फुफ्फुसे भरून घेतलेली ती हवा पृष्ठभागावर येता येता दुप्पट होऊ पाहते. श्वास चालू असेल तर जादा हवा आपसूक बाहेर पडते. तोंड मिटलेले असेल तर तिला वाट उरत नाही, फुफ्फुसाच्या नाजूक पडद्यांना इजा होते, आणि निसटलेली हवा छातीच्या पोकळीत अथवा रक्तप्रवाहात शिरून थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकते. स्कूबाचा पहिला नियम म्हणून जो सांगतात, की श्वास कधीही रोखू नये, त्याचे कारण हे आहे.

या गणितातील एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. ३० मीटरांवरून २० मीटरांवर येताना हवेचे आकारमान एक-तृतीयांशानेच वाढते, पण शेवटच्या १० मीटरांत ते दुप्पट होते. म्हणजे जो टप्पा आपल्याला सर्वांत सुरक्षित वाटतो, तोच या बाबतीत सर्वांत जोखमीचा आहे. सुमारे सव्वा मीटर पाण्यातून श्वास रोखून वर आल्यानेही फुफ्फुसांस इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. 'तलावच तर आहे, छातीएवढे पाणी, काय होणार आहे' हे उद्गार म्हणून पोहण्याच्या बाबतीत कितीही खरे असले, तरी टाकीतील हवा घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते बरोबर नाहीत. आता कल्पना करा, की मुलाच्या मास्कमध्ये पाणी शिरले, ते घाबरले, त्याने दात घट्ट आवळले व श्वास धरला. आणि शेजारच्या बापाने, जमिनीवर केले असते तेच, त्याचे बखोट धरून त्याला वेगाने वर नेले. प्रेमाच्या पोटी केलेल्या या एका कृतीने साध्या भीतीचे रूपांतर अपघातात होऊ शकते. योग्य उपाय याच्या उलट आहे: थांबावे, मुलाला धरावे, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा, त्याचा श्वास चालू आहे हे बुडबुड्यांवरून पाहावे, लागल्यास आपला जादा रेग्युलेटर त्याच्या तोंडाशी द्यावा, आणि वर जाणे आवश्यकच असेल तर दोघांनीही श्वास सोडत-घेत, सावकाश जावे. इतके संयमी वर्तन घाबरलेल्या पालकाला आयत्या वेळी सुचत नाही. ते अंगवळणी पडेपर्यंत घटवून घ्यावे लागते, आणि शिक्षणक्रमातला बराचसा वेळ त्यासाठीच असतो.

सावकाश वर येण्याला दुसरेही एक कारण आहे. दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व स्नायूंत अधिक प्रमाणात विरघळतो. दाब हळूहळू उतरला तर तो फुफ्फुसांवाटे निघून जातो, एकदम उतरला तर सोड्याच्या बाटलीचे बूच उडविल्यावर होते तसे जागच्या जागी बुडबुडे सुटतात, आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत अनेक उपद्रव संभवतात. या विकाराचे मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत आहे हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ साली दाखवून दिले. पण किती खोलीवर किती वेळ राहिल्यास वर येताना कोठे व किती थांबावे, याची पहिली भरवशाची कोष्टके तयार केली ती जॉन स्कॉट हाल्डेन याने. ब्रिटिश नौदलाच्या वतीने त्याने प्रथम बकऱ्यांवर व नंतर पाणबुड्यांवर प्रयोग केले, आणि १९०८ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पालक आणि मूल यांच्या संयुक्त पाणबुडेगिरीचा इतिहास सांगावयाचा, तर याच प्रयोगांकडे बोट दाखवावे लागेल. १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील रॉथसे गावानजीक नौदलाच्या गलबतावरून या चाचण्या चालू असता हाल्डेनने आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रात उतरविले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता; मुलाच्या बारीक मनगटांशी तो घट्ट बसेना, आणि तेथून पाणी आत झिरपत राहिले. मुलगा निभावून गेला. पुढे हाच मुलगा जे. बी. एस. हाल्डेन या नावाने जगद्विख्यात जीवशास्त्रज्ञ झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुडीतून सुटकेच्या प्रश्नावर त्याने स्वतःच्याच शरीरावर धोक्याचे प्रयोग केले, १९५७ साली तो हिंदुस्थानात येऊन राहिला, येथील नागरिक झाला, आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला. बाप-लेकांच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते, की जगाला सुरक्षिततेची कोष्टके देणाऱ्या त्या थोर शास्त्रज्ञाने आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र सुरक्षिततेची पहिली अट, म्हणजे अंगाला नीट बसणारे साहित्य, पाळलेली नव्हती. ज्याने त्याने मनाशी विचार करावा, की विद्वान पित्याचा जेथे असा डोळा चुकतो, तेथे सुट्टीच्या उत्साहात असलेल्या आपली काय कथा.

फ्रान्सच्या झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनी १९४३ साली आज प्रचलित असलेल्या स्कूबा यंत्राचे मूळ रूप सिद्ध केले, तेव्हाही मुले फार मागे राहिली नाहीत. कूस्तोचा थोरला मुलगा झां-मिशेल हा वयाच्या सातव्या वर्षीच बापाचे यंत्र पाठीवर घेऊन भूमध्य समुद्रात उतरला. आज कोणतीही जबाबदार संस्था हे मान्य करणार नाही. १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेली आणि आपल्याकडील पुष्कळ केंद्रे जिच्या पद्धतीने शिकवितात ती 'पॅडी' ही संस्था मुलांना समुद्रात उतरण्याचा दाखला दहा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज देत नाही, आणि दिला तरी त्यास अटी जोडते. १० व ११ वर्षांच्या मुलाने दाखला मिळाल्यानंतरही १२ मीटरांहून खोल जाऊ नये, आणि जावयाचे ते दाखलाधारक आई-वडील, पालक अथवा व्यावसायिक प्रशिक्षक यांच्यासहच. १२ ते १४ वर्षांच्या मुलाने दाखलाधारक प्रौढासह, आणि प्राथमिक दाखल्यावर १८ मीटरांपर्यंत. १५ वर्षे पूर्ण झाल्यावर हे निर्बंध उठतात. प्रशिक्षणाच्या काळात समुद्रातील तुकडीत १० किंवा ११ वर्षांचे मूल असेल तर एका प्रशिक्षकाकडे चारांहून अधिक विद्यार्थी असू नयेत, आणि त्या चारांत या वयाची मुले दोहोंहून अधिक असू नयेत, असाही दंडक आहे. हे आकडे केंद्रात पाऊल टाकण्यापूर्वी पालकाला पाठ असावेत. कारण नियम ठाऊक असलेल्या पालकाशी व्यवहार करताना केंद्रचालकही सावध राहतो.

वय भरले म्हणजे मूल तयार झाले असे मात्र नव्हे. सांगितलेले ऐकून, ते ध्यानात ठेवून, भीती वाटत असतानाही तसेच वागता येणे ही खरी पात्रता आहे, आणि ती काहींना दहाव्या वर्षी येते, काहींना चौदाव्या. मूल पोहण्यात सराईत असले पाहिजे हे उघडच आहे. पोहण्याची परीक्षा पालकालाही चुकत नाही: कोणत्याही साधनाशिवाय सलग २०० मीटर पोहून जाणे, अथवा मास्क व फिन्स लावून ३०० मीटर, आणि नंतर १० मिनिटे तरंगत राहणे. वेळेचे बंधन नसते. दम किती छाटतो हे पाहावयाचे नसून पाण्यात माणूस निवांत आहे की नाही हे पाहावयाचे असते. ज्या मध्यमवयीन गृहस्थांनी शाळा सुटल्यापासून तलाव पाहिलेला नाही, त्यांनी चार महिने आधी गावातल्या तलावात नाव नोंदवावे हे बरे.

यानंतर वैद्यकीय बाजू. प्रत्येक उमेदवाराकडून, आणि मुलाच्या बाबतीत पालकाच्या सहीने, प्रकृतीविषयीची एक प्रश्नावली भरून घेतली जाते; दमा, अपस्मार, हृदयविकार, छातीची शस्त्रक्रिया, कानाचा पडदा फाटणे, यांपैकी कशाचेही उत्तर 'होय' असल्यास डॉक्टरांचा लेखी अभिप्राय आणावा लागतो. ठरलेली सहल हातची जाऊ नये म्हणून सर्व रकान्यांत 'नाही' लिहून टाकण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हे ओळखावे, की तो कागद केंद्राच्या दप्तरासाठी असला, तरी त्यातील खोट्या उत्तराची किंमत मुलाच्या शरीराला मोजावी लागते. मुलांच्या बाबतीत सर्वांत नाजूक अवयव कान. घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका लहान वयात अरुंद आणि बरीचशी आडवी असते, म्हणून कान 'मोकळे' करणे, म्हणजे नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळविणे, मुलांना मोठ्यांपेक्षा अवघड जाते. पाय खाली ठेवून, दोराच्या आधाराने, कान दुखण्याची वाट न पाहता जवळजवळ प्रत्येक मीटरला हे करीत उतरावे. कान मोकळा होईना तर थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा, आणि तरीही होईना तर त्या दिवसापुरता बेत सोडावा. सर्दी झालेल्या मुलाला औषधाने नाक मोकळे करून उतरविणे हा तर अविचारच होय, कारण औषधाचा अंमल पाण्याखाली ओसरला की वर येताना अडकलेली हवा निघत नाही. थंडीचेही तसेच: मालवणचे पाणी आपल्याला कोमट वाटते, पण पाणी शरीरातील उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते, आणि मुलाचे वजन कमी असून त्या मानाने त्वचेचे क्षेत्र अधिक असल्यामुळे ते मोठ्यांच्या कितीतरी आधी गारठते. मुलाची ही सारी चौकशी करताना पालक स्वतःला विसरतात, ही चूक आहे. चाळिशी-पंचेचाळिशी उलटलेल्या, रक्तदाब असलेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाने आपल्या हृदयाची तपासणी करून घेतल्याखेरीज टाकी पाठीवर घेऊ नये. कारण प्रौढ पाणबुड्यांच्या मृत्यूंमागे हृदयाचे विकार हे एक प्रमुख कारण आढळून येते, आणि मुलाचा जोडीदार पाण्याखाली कोसळणे याहून मोठे संकट मुलावर दुसरे कोणते येणार?

केंद्र निवडताना फीच्या आकड्यापेक्षा काही प्रश्नांना महत्त्व द्यावे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. गोव्यात, कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटानजीक आणि अंदमानात खासगी केंद्रे आहेत. कोठेही गेलो तरी विचारावे: प्रशिक्षक कोण, त्याचा दाखला चालू मुदतीचा आहे काय, मुलांना शिकविण्याचा त्याला सराव आहे काय, एका वेळी तुकडीत किती जण असतील, होडीवर शुद्ध ऑक्सिजन व तो देण्यास शिकलेला माणूस आहे काय, अपघात झाल्यास सर्वांत जवळचा दाबकक्ष, म्हणजे रुग्णास पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याची खोली, कोठे, व तेथे रुग्णास कसे नेणार याची तजवीज लेखी आहे काय. आणि शेवटी, मुलाच्या मापाचे साहित्य आहे काय. मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढला असता हात सोडूनही तो चिकटून राहावा. रेग्युलेटरचा तोंडातला भाग मुलाच्या जबड्याला पेलावा. जाकीट खांद्यांवरून वर सरकू नये. टाकी लहान असावी. 'पट्टा आवळून घेऊ, चालून जाईल' असे उत्तर मिळाले तर नमस्कार करून बाहेर पडावे.

शिक्षणक्रमाचे साधारण तीन भाग असतात: वर्गातील अभ्यास, तलावातील किंवा तत्सम बंदिस्त पाण्यातील पाच सत्रे, आणि समुद्रातील चार फेऱ्या. तलावात मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने फुंकून काढणे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर पाठीमागून शोधून आणणे, जोडीदाराच्या टाकीतील हवा घेणे, हवा संपल्याचे नाटक करून शांतपणे वर येणे, ना वर ना खाली असे पाण्यात अधांतरी स्थिर राहणे, हे पाठ पुन्हा पुन्हा घटविले जातात. या टप्प्यावर पालक आणि मूल यांना शक्यतो निरनिराळ्या जोड्यांत ठेवावे, असे पुष्कळ प्रशिक्षकांचे मत असते, आणि ते योग्य आहे. एकत्र ठेवले तर पालकाचे अर्धे चित्त मुलाकडे लागते, त्याचे स्वतःचे पाठ कच्चे राहतात, आणि मूलही प्रशिक्षकाकडे पाहण्याऐवजी आईच्या चेहऱ्यावरील काळजी वाचू लागते. आणखी एक गोष्ट येथे बहुधा घडते, ती म्हणजे मूल पालकाच्या पुढे जाते. ज्या पाठाला बाप तीनदा अडखळतो, तो मुलगी एका प्रयत्नात करून दाखविते. घरातील अधिकाराची उतरंड येथे काही काळ बरखास्त झाली, तर ती तशी होऊ द्यावी. आपली चूक मुलीने दाखवून दिली असता ती बिनतक्रार मान्य करणारा बाप पुढे समुद्रात तिने केलेली खूणही वेळीच मानील.

पाणबुड्यांच्या संकेतांत एक संकेत असा आहे, की जोडीतील कोणीही, कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता फेरी थांबवू शकतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारावयाचा नाही. मुलांच्या बाबतीत या हक्काची राखण पालकानेच करावी लागते. आपल्याकडील मुले आई-वडिलांचे मन मोडू नये म्हणून, फी भरली आहे म्हणून, किंवा धाकट्या भावाने चिडवू नये म्हणून 'मला भीती वाटते' हे शब्द गिळून टाकतात. आणि पालकही 'घाबरायचे काय त्यात' या वाक्याने त्यांचे तोंड नकळत बंद करतात. 'तयार आहेस ना?' या प्रश्नात होकार आधीच दडलेला असतो. त्यापेक्षा 'आज उतरावेसे वाटते की किनाऱ्यावर बसावेसे वाटते?' असे विचारावे, आणि दुसरे उत्तर आले तर चेहऱ्यावर नाराजी न दाखविता वाळूत बसावे. ज्या मुलाला होडीवर नकार देता आला, तेच १० मीटरांवर वेळेत अंगठा वर करून 'वर जाऊ या' अशी खूण करू शकेल. आणि ती खूण झाली, की समोर कितीही सुंदर मासा असो, फेरी संपली असे समजावे.

दाखला हातात पडल्यानंतरचा काळ, माझ्या मते, शिक्षणाच्या काळाहून अधिक नाजूक आहे. नियमाप्रमाणे दाखलाधारक बाप आपल्या अकरा वर्षांच्या मुलासह १२ मीटरांपर्यंत जाण्यास आता मोकळा असतो. पण नियम ज्यास परवानगी देतो ते सर्व शहाणपणाचे असतेच असे नाही. चार फेऱ्यांचा अनुभव असलेला माणूस स्वतःचा तोल, स्वतःची हवा, स्वतःचे कान सांभाळण्यातच गुंतलेला असतो. दुसऱ्याला वाचविण्याइतके अवधान त्याच्यापाशी उरत नाही. म्हणून निदान पहिला हंगाम पालक आणि मूल यांच्यासोबत तिसरा माणूस, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षक, असावाच. आणि मुलाशी जोडी त्याची असावी, पालकाने मागून यावे. मध्यंतरी पालकाने स्वतःपुरते आणखी पुढचे, विशेषतः दुसऱ्याची सुटका करण्याचे, शिक्षण घ्यावे. आई आणि वडील दोघेही उतरणार असतील, तर एकाने होडीवर थांबावयाचे असा पाळीचा क्रम ठरवावा, हेही काही कुटुंबांना पटेल.

प्रत्यक्ष फेरीची शिस्त अशी. उतरण्यापूर्वी जोडीने एकमेकांचे साहित्य तपासावे: जाकिटात हवा भरते व सुटते ना, वजनाचा पट्टा चटकन सुटेल ना, बंद नीट लागले आहेत ना, टाकीची चावी पूर्ण उघडी आहे ना, आणि ही तपासणी मुलाने पालकाचीही करावी, केवळ पालकाने मुलाची नव्हे. खोली व वेळ आधी ठरवावी, आणि ती दोघांपैकी ज्याची मर्यादा कमी त्याच्या मानाने. टाकी सामान्यतः २०० बार दाबाने भरलेली असते; ती निम्म्यावर आली की परतावे व ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर असावे. पाण्याखाली बोलता येत नाही, आवाज हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने धावत असल्यामुळे तो कोणीकडून आला हे कळत नाही, आणि वस्तू असतात त्याहून मोठ्या व जवळ दिसतात. मालवणच्या बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी आठ-दहा मीटरांवर करड्या रंगाची भासते, कारण पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. इंद्रियांची साक्ष अशी बदललेली असल्यामुळे मुलापासून हात लांबवून पोहोचता येईल इतक्याच अंतरावर राहावे. तरीही चुकामूक झालीच, तर सभोवार एक मिनिट शोधावे आणि मग नेहमीच्या सावकाश गतीने वर यावे. मूलही तेच शिकलेले असल्यामुळे भेट पृष्ठभागावर होते. हा नियम पालकाला सर्वांत जड जातो. मूल दिसेनासे झाले असता शोध सोडून वर जाणे त्याला निष्ठुरपणाचे वाटते. पण तो खालीच फिरत राहिला, तर वर एकटे तरंगणारे मूल त्याला कधीच सापडावयाचे नाही. वर येताना गती मिनिटास ९ मीटरांहून अधिक नसावी, आणि ५ मीटरांवर ३ मिनिटे थांबावे. प्रवाळांना हात लावू नये हेही येथेच सांगितले पाहिजे. मालवणचा हा सागरी पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि मुलाला संयम शिकविण्यास त्याहून चांगली जागा नाही.

फेरी संपली तरी शरीरातील नायट्रोजन लगेच संपत नाही. एका फेरीनंतर निदान १२ तास व अनेक फेऱ्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, म्हणून चिपी किंवा मोपा येथून त्याच संध्याकाळी सुटणारे विमान आधीच आरक्षित करून ठेवू नये. घाटावरच्या मंडळींनी याहून जवळची एक गोष्ट लक्षात घ्यावी: आंबोली समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांच्या आसपास आहे, आणि उंचावर हवेचा दाब कमी असतो, तेव्हा दिवसभर फेऱ्या करून रात्रीच मोटारीने घाट चढण्यापेक्षा एक मुक्काम कोकणातच करावा. परतल्यावर एका दिवसाच्या आत मुलाला किंवा आपल्याला विलक्षण थकवा, सांध्यांत दुखणे, मुंग्या, चक्कर, पुरळ यांपैकी काही जाणवले, तर 'दगदग झाली' असे म्हणून झोपी न जाता केंद्राशी व डॉक्टरांशी तत्काळ संपर्क साधावा, आणि पाण्याखाली गेलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

एवढ्या अटी वाचून एखादा पालक म्हणेल, की मग हा उपद्व्याप करावाच कशाला. त्याचे उत्तर असे, की मुलाला जबाबदार माणूस म्हणून वागविण्याच्या संधी आपण घरात फार थोड्या निर्माण करतो. येथे अकरा वर्षांची मुलगी बापाच्या टाकीची चावी तपासते, त्याला हवा किती उरली हे खुणेने विचारते, आणि तिने 'वर' म्हटले की बापाला वर यावे लागते. या अधिकारातून तिच्या अंगी जे गांभीर्य येते, ते उपदेशाने येत नाही. बापालाही, आपण सर्वज्ञ नसताना मुलाच्या शेजारी कसे उभे राहावे, हे शिकावयास मिळते. ज्यांना हे शिकावयाचे असेल त्यांनी पावसाळ्याचे चार महिने हाताशी आहेत असे समजून आजच आरंभ करावा: आधी दोघांचे पोहणे, मग दोघांची वैद्यकीय तपासणी, मग केंद्राला वरील प्रश्नांचे पत्र. कोळी लोक नारळी पौर्णिमेला सागराची पूजा केल्यावाचून होडी लोटत नाहीत, आणि त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर गेल्या आहेत. आपण तर नवखे आहोत, तेव्हा दर्या उघडला तरी तो पुरता निवळेपर्यंत आणखी काही आठवडे वाट पाहण्यास आपली हरकत असू नये.